तळणीपाशी ऐकलेला ब्लूज

मिसिसिपी राज्यातल्या क्लार्क्सडेल गावात रेड्स लाउंज नावाचा एक अड्डा आहे. बसकी इमारत, आत लाल दिवे, डोक्याला लागेल असं वाटणारं छत. रंगमंच म्हणावा असा काही नाही. गाणारा माणूस समोरच्या टेबलापासून हातभर अंतरावर बसतो. मी तिथे पहिल्यांदा गेलो तो वही-पेन सरसावून. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या दुःखाचं संगीत ऐकायला आलोय, अशी माझी समजूत होती आणि चेहराही त्याला साजेसा केला होता. शेजारच्या खुर्चीतल्या साठीच्या बाईंनी माझ्याकडे दोनदा पाहिलं. मग कागदी थाळीतला तळलेला मासा माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "आधी खाऊन घे बाळा, गाणं काही पळून जात नाही." पुढचा तासभर त्या स्वतः नाचत होत्या. गाण्यात नवरा सोडून गेलेला, घरभाडं थकलेलं, पाऊस थांबत नव्हता. आणि बाई हसत होत्या.

हे पुस्तक त्या थाळीपासून सुरू झालं असं म्हणायला हरकत नाही. ब्लूजवर इंग्रजीत कपाटं भरतील एवढं लेखन आहे. त्यातल्या बहुतेकांत गिटार आहे, रेकॉर्ड आहेत, चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकणारा रॉबर्ट जॉन्सन तर हटकून आहे. (ती कथा इतकी सांगून झाली आहे की सैतानालाही आता कंटाळा आला असेल.) पण शनिवारी रात्री त्या गाणाऱ्याला पैसे कुठून मिळत होते, हा साधा प्रश्न फार कमी जण विचारतात. ते मिळत होते माशांतून, डुकराच्या मांसातून, चोरट्या दारूतून आणि मागच्या खोलीतल्या जुगारातून. अड्ड्याच्या मालकाचा धंदा खाण्यापिण्याचा. गाणं हवं ते गिऱ्हाईक आत यावं, नाचून दमावं, भुकेलं व्हावं आणि पुन्हा तळणीकडे वळावं म्हणून. गाणं तळणीमुळे जगलं आणि तळणी गाण्यामुळे. या पुस्तकातले सगळे लेख या एका गोष्टीभोवती फिरतात.

नवख्या वाचकासाठी थोडा नकाशा मांडतो. मिसिसिपी आणि याझू या नद्यांच्या मधला, मेम्फिसपासून व्हिक्सबर्गपर्यंतचा सपाट पट्टा म्हणजे मिसिसिपी डेल्टा. भूगोलाच्या पुस्तकातला, समुद्राला मिळणारा त्रिभुज प्रदेश नव्हे. हा गाळाचा मैदानी मुलूख. इथली काळी माती वऱ्हाडातल्या माणसाला ओळखीची वाटेल, कारण तिच्यातही कापूसच आहे. कापसाचं नातं तर आणखी जुनं आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरबाजाराचं वेड माजलं आणि युद्ध संपताच ते सगळं कोसळलं. डेल्टाचा बराच भाग तेव्हा अजून जंगल आणि दलदल होता. तो तोडून शेतीखाली आणला गेला तो युद्धानंतर, आणि आणला तो मुख्यतः नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या काळ्या माणसांच्या श्रमांनी.

सुटलेल्या म्हणायचं, पण जमीन गोऱ्या मालकाचीच राहिली. शेती बटाईने. हंगामाच्या सुरुवातीला मालक पीठ, मीठ, खारवलेलं मांस, कपडे उधार देई. तिथे त्याला 'फर्निश' म्हणत. आपल्याकडचा ऊसतोड कामगार ज्याला 'उचल' म्हणतो त्याच्याच जातीची ही गोष्ट. वर्षाअखेरीस हिशेब मालकाच्या वहीत होई आणि बटाईदाराकडे बाकी निघे. अशा आयुष्यात स्वतःचा म्हणावा असा वेळ एकच, शनिवारची दुपार ते रविवारची पहाट. रविवारी चर्च आणि शनिवारी जूक जॉइंट. जूक म्हणजे शेताच्या कडेची एखादी पडकी खोली, फळ्यांची शेड किंवा कुणाचं घरच. खाट बाहेर काढायची आणि नाचायला जागा करायची. मराठीत उसाचाही फड असतो आणि तमाशाचाही फडच असतो. जिथे अंग मोडतं आणि जिथे मन रमतं, त्या दोन्ही जागांना एकच शब्द असलेल्या भाषेच्या माणसाला जूक जॉइंट वेगळा समजावून सांगावा लागू नये.

या खोल्यांत जे गाणं घडलं त्याची घडण सोपी आहे आणि म्हणूनच फसवी. बारा बारचं एक आवर्तन, प्रत्येक बार चार मात्रांचा. गाणारा एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर देतो किंवा कोलांटी मारतो. ओळ दोनदा म्हणण्यात तिसरी सुचायला सवड मिळते, ही सोय जात्यावर ओवी रचणाऱ्या बायकांना नेमकी कळेल. ओळ संपल्यावर उरलेल्या जागेत गिटार बोलते; शाहिराच्या मागे झीलकरी 'जी जी' धरतात तसं. स्वरांचं म्हणाल तर कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध कुठेतरी डुगडुगणारा गंधार हा या गाण्याचा प्राण. पियानोच्या पट्ट्यांत तो सापडत नाही, म्हणून गिटारच्या तारेवर बाटलीचा गळा किंवा चाकू घासून तो काढतात. आपण त्याला मींड म्हणू. डब्ल्यू. सी. हँडी या शिकलेल्या बँडमास्तराने १९०३च्या सुमारास टटवायलर स्टेशनवर गाडीची वाट बघताना एका फाटक्या कपड्यांतल्या माणसाला अशी चाकूने गिटार वाजवताना ऐकलं, असं त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. ब्लूजच्या इतिहासाचं पहिलं पान म्हणून बहुतेक ग्रंथ हाच प्रसंग देतात. गाणं अर्थातच त्याआधीपासून होतं.

बाजारात मात्र ते आधी बायकांच्या आवाजात आलं, आणि हे वारंवार विसरलं जातं. ऑगस्ट १९२०मध्ये मेमी स्मिथने 'क्रेझी ब्लूज' रेकॉर्ड केलं आणि काळे लोकही रेकॉर्ड विकत घेतात, असा साक्षात्कार कंपन्यांना झाला. मग मा रेनी, बेसी स्मिथ. या तंबूंतून आणि थिएटरांतून गाणाऱ्या, पिसं-मोती ल्यालेल्या राण्या होत्या. गिटारवाला एकटा पुरुष हे ब्लूजचं चित्र नंतरचं. ते पुढे गोऱ्या संग्राहकांच्या फार पसंतीस पडलं. तळणीमागे उभ्या असलेल्या बायका तर कुठल्याच चित्रात नाहीत. पुस्तकाचा एक मोठा भाग त्यांना दिलेला आहे.

डेल्टाच्या रस्त्यावरचा खरा पदार्थ मात्र मासा नाही, तमाले आहे. नाव मेक्सिकोचं, पण मिसिसिपीत येऊन तिने वळण बदललं. मक्याचं रवाळ पीठ, आत मसालेदार डुकराचं किंवा गाईचं मांस, हे सगळं कणसाच्या सुक्या पानात गुंडाळायचं, तीन-तीनच्या जुड्या दोऱ्याने बांधायच्या आणि वाफवायच्या नाहीत. लाल, तिखट रश्श्यात शिजवायच्या. पातोळीला हळदीच्या पानाचा वास लागतो तसा इथे कणसाच्या पानाचा लागतो. ती इथे आली कशी याबद्दल तीन-चार मतं आहेत. कुणी म्हणतं, मेक्सिकोच्या युद्धावरून परतलेल्या सैनिकांनी आणली. कुणी म्हणतं, मक्यावर जगणाऱ्या मूळ रहिवाशांकडे ती होतीच. मला पटतं ते असं की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापूस वेचायला मेक्सिकन मजूर आले, शेजारच्या तासात काळे मजूर होते, आणि थंडीच्या दिवसांत शेतावर दुपारपर्यंत गरम राहणारा डबा दोघांनाही हवा होता. मका दोघांच्या ओळखीचा. बाकीचं भुकेने जमवलं. रॉबर्ट जॉन्सनने नोव्हेंबर १९३६मध्ये सॅन अँटोनिओत आपली पहिली गाणी रेकॉर्ड केली, त्यांत एक गाणं चक्क गरमागरम तमाले विकणाऱ्यांवर आहे. सैतानाच्या गोष्टी सांगणारे लोक या गाण्यावर पटकन पुढे सरकतात. ते चहाटळ आहे, नाचरं आहे, त्यात कुठेही नरक नाही.

डेल्टाची शैली, म्हणजे चार्ली पॅटन, सन हाउस, जॉन्सन यांची. खरखरीत गळा आणि टक्कर देणारी गिटार. पण डेल्टा म्हणजे सगळा ब्लूज नव्हे. पूर्वेकडच्या टेकड्यांत, सेनाटोबियाच्या आसपास, वेगळंच प्रकरण आहे. तिथे बारा बारचं आवर्तन मोडून एकाच सुरावर तासन्‌तास घुमत राहतात. फ्रेड मॅकडॉवेल, आर. एल. बर्नसाइड, ज्युनियर किंब्रो ही तिथली नावं. त्यांच्याही मागे आहे बोरूची बासरी आणि ढोल. ओथर टर्नर हा शेतकरी उन्हाळ्याच्या शेवटी आपल्या रानात सहल भरवी: बोकड कापायचे, रात्रभर निखाऱ्यावर भाजायचे, आणि ढोलवाल्यांमागून लोकांनी धुळीत गोल फिरत नाचायचं. टर्नर २००३मध्ये वारला. त्याच्या नातीने, शार्डे थॉमसने, बासरी पुढे चालवली. आपल्याकडच्या जत्रेत कंदुरीचं जेवण जेवलेल्या माणसाला तिथे परकं वाटणार नाही. पुस्तकातला माझा सर्वांत आवडता लेख त्या बोकडाबद्दलचा आहे.

बेंटोनिया नावाच्या खेड्यात आणखी एक छोटं घराणं आहे, स्किप जेम्सचं. तारा अशा काही लावतात की गाणं विहिरीतून आल्यासारखं वाटतं. तिथलं ब्लू फ्रंट कॅफे १९४८पासून चालू आहे. होम्स कुटुंबाने ते बफेलो मासा, ब्लूज आणि गावठी दारू या तिन्हींवर चालवलं आणि त्यांचाच मुलगा जिमी 'डक' होम्स तिथे अजून वाजवतो. अटलांटिककडच्या पीडमाँट भागात ब्लूज हलक्या बोटांचा, रॅगटाइमकडे झुकणारा. ब्लाइंड बॉय फुलर डरहॅममध्ये तंबाखूच्या वखारींबाहेर वाजवी, कारण तंबाखू विकून बाहेर पडणाऱ्याच्या खिशात त्या दिवशी पैसे असत. टेक्ससचा ब्लाइंड लेमन जेफरसन डॅलसच्या रस्त्यांवर गाई, आणि पुढे त्याच राज्यातल्या टी-बोन वॉकरने गिटारला वीज जोडली. घराणी मोजत बसलं तर मोजावीत तेवढी. खिसा भरण्याचा दिवस, गर्दी होण्याची जागा आणि तिथे काय खायला मिळतं, या तीन गोष्टी पाहिल्या की घराण्याचा नकाशा आपोआप उमटतो, असा माझा अनुभव आहे.

पिठाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. नदीपलीकडे, आर्कान्सॉच्या हेलेना गावात, नोव्हेंबर १९४१मध्ये केएफएफए या रेडिओ केंद्राने 'किंग बिस्किट टाइम' हा कार्यक्रम सुरू केला. किंग बिस्किट हे पिठाचं नाव. सनी बॉय विल्यमसनने (या नावाच्या दोघांपैकी दुसऱ्याने) दुपारी सव्वाबाराला माउथ ऑर्गन वाजवायचा आणि मधेमधे पिठाची भलामण करायची. वेळ अशी निवडली होती की मजूर तेव्हा शेतातून जेवायला आलेले असत. पीठ इतकं खपलं की 'सनी बॉय' याच नावाने मक्याचं पीठ निघालं आणि पोत्यावर त्याचं चित्र छापलं गेलं. तो कार्यक्रम अजून चालू आहे, १८ हजारांहून जास्त भाग झाले. काळ्या माणसाचा आवाज रोज, जिवंत, हवेतून घरात येण्याची डेल्टात ही सुरुवात होती आणि ती एका किराणा व्यापाऱ्याच्या हिशेबातून झाली.

मग डेल्टा रिकामा होऊ लागला. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख काळे लोक दक्षिणेतून निघून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेले. क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यावर १९४४मध्ये कापूस वेचणाऱ्या यंत्राचं प्रात्यक्षिक झालं, तेव्हा उरलेल्यांनाही कळून चुकलं की हातांची गरज संपली. स्टोव्हॉलच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवणारा मडी वॉटर्स त्याआधीच, १९४३मध्ये, आगगाडीने शिकागोला पोचला होता. शहरात गोंगाट एवढा की साधी गिटार ऐकू येईना, म्हणून ती विजेवर गेली. पोलंडहून आलेल्या चेस बंधूंनी हे विजेवरचं गाणं रेकॉर्ड केलं. हाउलिन वुल्फ, लिटल वॉल्टर, विली डिक्सन हे सगळे त्या छत्राखालचे.

शिकागोत तळणीही मागोमाग आली. भाडं थकलं की घरातच पार्टी ठेवायची, दारात प्रवेशाचे थोडे पैसे घ्यायचे, आत पियानो आणि तळलेला मासा किंवा डुकराची आतडी. त्या आतड्यांवरूनच काळ्या कलावंतांच्या दौऱ्यांच्या साखळीला 'चिटलिन सर्किट' हे नाव पडलं. कत्तलखान्यांच्या शहरात बरगड्यांची टोकं स्वस्त मिळत, ती साउथ साइडच्या काचपेटीसारख्या भट्ट्यांत धुरावर भाजून सॉस ओतून पांढऱ्या पावाबरोबर देत. आणि रविवारी मॅक्सवेल स्ट्रीट. ज्यू स्थलांतरितांनी वसवलेला हा जुना बाजार. दक्षिणेतून नुकतेच उतरलेले वादक आजूबाजूच्या दुकानांतून-घरांतून वायर ओढून विजेचे पैसे देत आणि फुटपाथवर वाजवत. तिथेच १९३९मध्ये मॅसेडोनियाहून आलेल्या एका माणसाने पोलिश सॉसेज, परतलेला कांदा, मोहरीचा लेप आणि हिरव्या मिरच्या पावात घालून विकायला सुरुवात केली. ज्यूंचा बाजार, मॅसेडोनियाचा आचारी, पोलंडचं सॉसेज, मिसिसिपीचं गाणं. मुंबईतल्या माणसाला यात आश्चर्य वाटायचं कारण नाही; पावभाजीचा इतिहास काढून बघावा. १९९४मध्ये विद्यापीठाच्या विस्तारासाठी तो बाजार हलवला गेला. कांदा परतल्याचा वास अजून येतो, वायरी गेल्या.

बडी गाय १९५७मध्ये लुइझियानाहून शिकागोला आला तेव्हा काम नव्हतं आणि दिवसचे दिवस पोट रिकामं होतं. एका क्लबात त्याला वाजवताना ऐकून मडी वॉटर्सने त्याला गाडीत बसवलं आणि आधी सलामी-पाव खायला घातला, हे तो अजूनही सांगतो. गुरूने शिष्याला पहिल्यांदा काय दिलं याच्या कथा आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांत ही ठेवावी.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. इंग्लंडमधल्या पोरांनी या रेकॉर्ड वाजवून वाजवून झिजवल्या, रोलिंग स्टोन्सनी आपलं नावच मडीच्या गाण्यावरून घेतलं, आणि अमेरिकेला स्वतःचं संगीत लंडनमार्गे परत मिळालं. पैसा कुणाला मिळाला, हा वेगळ्या पुस्तकाचा विषय आहे आणि तो रागाने लिहावा लागेल.

आपला या सगळ्याशी संबंध काय, असं मला पुण्यात दोनदा विचारलं गेलं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. जवळपास शंभर वर्षांनी, १९७२मध्ये, मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. म्हणजे मराठी माणसाने त्या मुलखाकडे विचार आणि लढा म्हणून फार आधीपासून पाहिलं. गाणं आणि जेवण म्हणून पाहायचं मात्र राहून गेलं. गाणं आलं ते उशिरा आणि वरच्या मजल्यावरून: २०११पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूज महोत्सव होऊ लागला आणि पहिल्याच वर्षी बडी गाय आला. लोकांनी मनापासून ऐकलं, मीही ऐकलं. पण तिकीट काढून, हात बांधून उभ्या असलेल्या गर्दीत मला सारखी ती कागदी थाळी आठवत होती.

आत्ताच हे पुस्तक का, तर अड्डे झपाट्याने मिटताहेत. मेरिगोल्डचा पो मंकीज त्याचा मालक विली सीबेरी २०१६मध्ये गेल्यावर बंद पडला. क्लार्क्सडेलच्या रेड्स लाउंजचा मालक रेड पेडन २०२३च्या डिसेंबरात गेला. जूक जॉइंट ही संस्था नसते, एक माणूस असतो. त्याच्यामागे हिशेबाची वही उरते, परवाना उरत नाही. दुसऱ्या बाजूला क्लार्क्सडेलचाच, १९९९मध्ये जन्मलेला क्रिस्टोन 'किंगफिश' इंग्रम जगभर वाजवतोय, गावात पर्यटक येताहेत, आणि २०२५मध्ये 'सिनर्स' या चित्रपटाने १९३२चा जूक जॉइंट कोट्यवधी लोकांना दाखवला. त्या चित्रपटात मला राक्षसांपेक्षा जास्त आवडलं ते अड्डा उघडण्याआधीची धावपळ: मासे कोण आणणार, ते कोण तळणार, चिनी किराणावाल्याकडून काय घ्यायचं, पाटी कोण रंगवणार. डेल्टात चिनी किराणा दुकानं खरोखरच गावोगाव होती.

पर्यटनावर नाक मुरडणं सोपं आहे. स्थानिक काळी तरुण मुलं आज बहुधा हिप-हॉप ऐकतात आणि अड्ड्यात समोर बसलेले निम्मेअधिक चेहरे गोरे, पिकलेल्या केसांचे असतात, हे खरं. पण गाणाऱ्याची दाढ दुखली तर डॉक्टरचे पैसे त्यांच्याच खिशातून येतात. शुद्धतेची काळजी पोट भरलेल्यांनी करू नये, एवढंच मी स्वतःला बजावलं.

पुस्तकात काय नाही ते सांगतो. हा ब्लूजचा कोश नाही. 'ऐकलीच पाहिजेत अशी शंभर गाणी' नाहीत. गाण्यांचे शब्द मुद्दामच भाषांतरित केलेले नाहीत, कारण कागदावर ते फार दुःखी दिसतात. प्रत्येक लेख एका रात्रीचा आहे. संध्याकाळी चूल पेटल्यापासून भांडी घासून होईपर्यंत. गाणारे आहेतच, पण रात्रीची बैठक मोडल्यावर कोण किती पैसे घेऊन घरी गेलं हेही जमेल तिथे विचारलं आहे. काहींनी सांगितलं, काहींनी हसून दुसरा मासा वाढला.

पाककृतीही नाहीत. प्रयत्न केला होता. ग्रीनव्हिलच्या रस्त्यावर डब्यातून तमाले विकणाऱ्या एका बाईंना मी रश्श्याचा मसाला विचारला. त्यांनी मोजून तीन जिन्नस सांगितले, जे कुणालाही चवीवरून ओळखता आले असते, आणि गप्प झाल्या. मग मी पानं सोलून तमाले खाल्ल्या आणि तळाशी उरलेला लाल रस्सा कचऱ्याच्या पिंपाकडे न्यायला लागलो, तर मागून ओरडल्या. खारी बिस्किटं हातात कोंबली आणि ती रश्श्यात बुडवायची कशी, ते स्वतः करून दाखवलं. पलीकडे कुणीतरी गिटारची तार लावत होतं. ती लागेपर्यंत माझी वाटी पुसून झाली होती.